शाफ्टवरच्या उभ्या रेघा

बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मी तो दोनदा वाचला. नोकरीची अकरा वर्षं राजस्थानच्या वाळूत आणि ईशान्येच्या चिखलात गेली होती. आता एका प्लाटूनबरोबर दोन महिन्यांसाठी जायचं होतं ते शहापूर तालुक्यात. म्हणजे माझ्याच घरी. माझं गाव किन्हवलीच्या पुढं. क्लार्क म्हणाला, "विशे, वशिला कुणाचा लावलास?" मी म्हटलं, ग्रामदेवतेचा.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी तेव्हा नायक होतो, इंजिनिअर्समध्ये, ट्रेड इंजिन फिटर. फौजी म्हटलं की लोकांना बंदूकच दिसते. आमचं काम म्हणजे पूल बांधणं, वाट काढणं, सुरुंग पेरणं आणि काढणं, आणि पायदळाला नदीपार नेऊन सोडणं. बंदूक आमच्याकडंही असते, पण हाताला वास ग्रीसचाच.

कॅम्प होता खर्डीपासून आत, एका धरणाच्या जलाशयाकाठी. उतारावर दहा तंबू, खाली पाणी, पलीकडं जंगल. साडेपाचला चहा, सहाला पीटी, साडेसातला बोटी पाण्यावर. बारा-बारा माणसांच्या बोटी वल्ह्यांनी आणि इंजिनांनी पलीकडं न्यायच्या आणि परत आणायच्या, हाताला सवय होईपर्यंत. घर इतकं जवळ असून पहिला रविवारसुद्धा मिळाला नाही. दुसऱ्या रविवारी गेलो तर आई म्हणाली, "राजस्थानात व्हतास तवा निदान पत्र तरी येत व्हतं."

कॅम्पचा एक नियम मोडता येत नव्हता. सेफ्टी लाँच पाण्यावर उभी नसेल, तर कोणी घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. बोट उलटली तर माणसं उचलायला तीच एक होती.

या लाँचचं इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला टेकून. भिंतीबाहेर पाण्यात उतरलेला एक जाड धातूचा पाय, त्याच्या टोकाला पंखा. इंजिनची ताकद या पायातल्या गिअरमधून पंख्याला जाते. आम्ही त्याला लेग म्हणायचो. लेग आतून गिअर ऑइलनं भरलेला असतो. त्याची एक पारदर्शक बाटली आत इंजिनजवळ लावलेली असते, तिच्यात ऑइल किती आहे ते दिसतं, आणि फार खाली गेलं तर बझर वाजतो. ऑइल संपलं तर गिअर कोरडे फिरतात, तापतात आणि जाम होतात. मग लाँच म्हणजे पाण्यावरचा पाट.

लाँच चालवायचा लान्स नायक काळूराम मेंगाळ. मुरबाडच्या डोंगरपट्ट्यातला, नाचणी-वरीच्या शेतातून आलेला. बुटका, कमी बोलणारा. पोहणं गावच्या डोहात शिकलेला आणि बोट फौजेत. वयानं माझ्याहून सहा वर्षं लहान, मला दादा म्हणायचा. त्याचा हात असा की लाँच धक्क्याला लागली हे आतल्या माणसाला कळायचं नाही. मी हे मैत्रीखातर लिहीत नाही. मी फिटर आहे, कोण मशिन कसं वापरतो ते मला मशिन उघडल्यावर दिसतं.

कॅम्प सुरू होण्याआधी मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन झालं होतं. फौजेत म्हण आहे, हलेल त्याला सलाम, न हलेल त्याला चुना. इन्स्पेक्शन आलं की आम्ही झाडांचे बुंधेसुद्धा रंगवतो. मीही लेग उघडला, ऑइल अडवणारे रबरी सील बदलले, पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर काढला तर त्यावर थोडा तांबूस डाग. मी तो पॉलिश पेपरनं घासून लख्ख केला. साहेब वाकून बघून म्हणाले, "व्हेरी गुड." माझी छाती दोन इंच फुगली. मग शाफ्ट आत बसवला आणि विसरलो.

कॅम्पच्या चौथ्या दिवशी काळूराम माझ्याकडं आला.

"दादा, बाटली पाव उतरली."

"भर."

"काल पन भरलेली."

मी लेग पाण्यातून वर घेतला. पहिला संशय नायलॉनच्या दोरीचा. जलाशयात गावची माणसं जाळी लावतात. तुटलेला धागा पंख्यामागं शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो. पंखा काढला. धागा नव्हता. खालच्या ड्रेन स्क्रूचा वॉशर बदलला. बाटलीकडून भिंतीतून लेगला जाणारी नळी बोटांनी चाचपली. कोरडी. तरी सील बदलले. दोन दिवस बाटली हलली नाही, तिसऱ्या दिवशी परत पाव उतरली. मी मनात म्हटलं, सीलच खराब आले असतील. दुसऱ्याच्या मालावर खापर फोडणं सोपं असतं. रोज सकाळी बाटली भरायची, लॉगबुकात लिहायचं आणि बोटी सोडायच्या, असं आठवडाभर चाललं. ते चूक होतं आणि ती चूक माझी होती.

त्या मंगळवारी अकरा चाळीसला घाटाकडून वारा सुटला. तीन नंबरची बोट मध्यावर होती, अकरा माणसं. लाट आडवी आली, बोट भरली आणि कलंडली. मी किनाऱ्यावर वायरलेस सेटपाशी, कॅम्प सांभाळणाऱ्या सुभेदारसाहेबांच्या शेजारी उभा होतो.

"लाँच, बेस बोलतोय. बोट तीन पलटली. माणसं पाण्यात. तुझ्या डावीकडं. ओव्हर."

"बेस, लाँच. दिसली. निघालो. ओव्हर."

काळूरामनं लाँच पूर्ण ताकदीनं सोडली. चार मिनिटांत पोचला. लाइफ जॅकेटं सगळ्यांना होती, पण पाणी थंड आणि दोघांना पोहता येत नव्हतं. तो वाऱ्याच्या वरच्या बाजूनं आला, पंखा बंद करून एकेक वर घेतला.

"बेस, लाँच. अकरा. सगळे. ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी श्वास सोडला. तेवढ्यात सेट परत वाजला.

"बेस, लाँच. बझर वाजतोय. बाटली खाली. ओव्हर."

मी सेट हातात घेतला. "काळू, जोर देऊ नको. एकदम हळू ये. थांबवू पण नको. ओव्हर."

"रॉजर."

वाऱ्याची दिशा खडकांच्या कोपऱ्याकडं होती. लेग जाम झाला असता तर बारा माणसं त्या खडकांवर गेली असती, आणि त्यांना आणायला दुसरी लाँच नव्हती. तो किलोमीटरभर अंतर सव्वीस मिनिटांत आला. मी घड्याळ बघत होतो, म्हणून माहीत आहे. धक्क्याला लागला तेव्हाही लाँच हलली नाही. लेगच्या पाण्याबाहेरच्या भागाला हात लावला तर चटका बसला.

माणसं उतरली, त्यांना ब्लँकेटं आणि चहा दिला. मग सुभेदारसाहेब पंख्यापाशी बसले. साताऱ्याकडचे, सव्वीस वर्षं नोकरी, माणूस न्यायी पण तापट. पंख्याच्या एका पात्याला नखाएवढा जुना टवका होता. धरण झालं तेव्हा बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्याखाली आहेत. साहेबांनी दोन आणि दोन चार केले. तिथंच, फॉल-इनमध्ये रांगेनं उभ्या सगळ्या प्लाटूनसमोर बोलले.

"मेंगाळ, बुंधा कधी लागला?"

"लागला नाय साहेब."

"लेग हलल्याशिवाय ऑइल जातं? बोट आपटलीस आणि आठ दिवस लपवलंस. बारा माणसं मारली असतीस."

"लागला नाय साहेब."

तो एवढंच बोलला, तीनदा. साहेबांनी मला अठ्ठेचाळीस तास दिले. गळती कुठून ते सांगायचं. नाही सापडली, तर लाँच वर्कशॉपला आणि मेंगाळवर चार्ज. सरकारी मालमत्तेचं नुकसान आणि ते लपवणं. त्याच्या दंडावरची ती एक पट्टी जाणार होती. पट्टीपेक्षा त्याचं नाव जाणार होतं. बोट चालवणाऱ्याला आपटणारा म्हटलं की पुढं काही उरत नाही.

हे सगळं आणखी एक माणूस ऐकत होता. कॅम्पात गवत कापायला आणि पाणी भरायला रोजावर काही माणसं घेतली होती. त्यांतला धर्मा काळूरामच्याच गावचा. तो हंडा घेऊन तंबूपाशी उभा होता. शनिवारी तो गावी गेला.

मंगळवारी दुपारीच मी लाँच ट्रेलरवर किनाऱ्याला काढली. लेगमधलं उरलेलं ऑइल काढलं. पांढुरकं नव्हतं, म्हणजे पाणी आत शिरलेलं नव्हतं. ड्रेनच्या भोकाला नळी जोडून सायकलच्या पंपानं आत हवा भरली, गेजवर दहा पाउंड. मग साबणाचा फेस सगळीकडं लावला. जिथं गळती तिथं बुडबुडा आला पाहिजे. मी आणि काळूराम दोन बाजूंना उकिडवे बसलो आणि बघत राहिलो. अर्धा तास. काटा दहावरून हलला नाही, एक बुडबुडा नाही.

संध्याकाळी परत तेच. पंधरा पाउंडांना. काही नाही. लेग पेटीसारखा बंद, तरी गळती चालू. मी भिंत आणि लेग यांच्यामधली रबरी बाही, म्हणजे बेलो, काढून आतला सील बघितला, कोरडा. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला काळूरामबद्दल वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर फिटर म्हणून आपल्याला मशिन चकवतंय याचा जास्त राग होता.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही तिसऱ्यांदा हवा भरून बसलो होतो. काटा दहावर. काळूराम मागं बसून नुसता पंख्याकडं बघत होता. गिअर न्यूट्रलला होता. कंटाळून त्यानं पंख्याला बोटानं धक्का दिला. पंखा हळूच फिरला.

"दादा."

"काय?"

"परत फिरवतो. इकडं बघा."

त्यानं पंखा फिरवला. पंख्यामागं, जिथं शाफ्ट बाहेर येतो तिथं, फेसाचा एक बुडबुडा आला. थांबला की बंद. फिरवला की परत. आम्ही दोन दिवस बंद पंख्याला साबण लावत होतो. आणि लाँच काय उभी राहून चालते?

शाफ्ट बाहेर काढला. फडक्यानं पुसून उन्हात धरला. जिथं सीलचं रबर बसतं, तिथं शाफ्टच्या लांबीनं बारीक बारीक रेघा होत्या. सरळ, उभ्या, एकीला एक लागून. रेघ म्हणजे पाटच. शाफ्ट फिरायचा, सीलच्या रबराखालून ऑइल त्या पाटांतून बाहेर जायचं. नवीन सील दोन दिवस तग धरायचा, मग रेघांवर घासून तोही खराब व्हायचा.

मला त्या रेघा ओळखीच्या वाटल्या. एक मिनिट लागलं. मग कळलं.

फौजेत रायफल साफ करायची तर नळीच्या लांबीनं. दोरी आत टाका, ओढा, परत टाका, ओढा. पहिल्या दिवसापासून हात तसाच वळतो. इन्स्पेक्शनच्या आधी मी त्या शाफ्टवर ऐंशी नंबरचा खरखरीत पेपर तसाच चालवला होता. रायफलसारखा, वरून खाली, वरून खाली. नंतर अगदी बारीक झिरो पेपर मारून चमक आणली. बाहेरचा कुठलाही लेथवाला सांगेल, शाफ्ट गोल गोल घासायचा असतो, लांबीनं कधीच नाही. मलाही ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पण साहेब बघणार होते आणि मी फिटर राहिलो नव्हतो, नुसता शिपाई झालो होतो.

मी वर बघितलं. काळूराम माझ्याकडं बघत होता. त्या दिवशी शाफ्ट त्यानंच दोन्ही हातांनी धरला होता, मी घासत होतो.

चार वाजता सुभेदारसाहेब आले. मी गळती दाखवली. पंखा फिरवून बुडबुडा दाखवला, रेघा दाखवल्या. त्यांनी शाफ्टवरून नख फिरवलं.

"म्हणजे बुंधा लागला नाही."

"नाही साहेब."

"मग हे कुणी केलं?"

पुढच्या महिन्यात माझं हवालदारीचं कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स होता. दोन वर्षं वाट बघून नाव लागलं होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. किती वेळ गेला असेल? चार सेकंद असतील.

"जुना शाफ्ट हाय साहेब," काळूराम म्हणाला. "घासून घासून झालाय."

साहेबांनी मान हलवली. "रिपोर्टमध्ये झीज लिहा. मेंगाळ, तुझ्यावर काही नाही." आणि गेले. आरोप सगळ्या प्लाटूनसमोर झाला होता, सुटका ट्रेलरमागं तिघांत झाली. फौजेत असं होतं. बाहेरही होतं.

नवा शाफ्ट यायला दहा दिवस लागणार होते. तोवर तोच चालवायचा ठरला. मी पॉलिश पेपरची लांब पट्टी कापली, शाफ्टभोवती अर्धा वेढा दिला. एक टोक काळूरामच्या हातात, एक माझ्या. समोरासमोर बसून ताक घुसळतात तसं ओढायचं, तो ओढेल तेव्हा मी सोडायचं. मधून मधून शाफ्ट जरा फिरवायचा. उभ्या रेघा आडव्या मारायला साडेचार तास लागले.

"का बोललास तसं?" मी विचारलं.

"तुमचं कॅडर हाय ना."

"आणि तुझं?"

"माझं काय? बुंधा नाय लागला ह्यो कळला साहेबाला. बास झालं." थोड्या वेळानं म्हणाला, "ओढा दादा. ढिली पडली पट्टी."

नवे सील घातले, हवा भरली, पंखा फिरवत फेस बघितला. बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लाँच पाण्यावर. कॅम्प संपेपर्यंत बाटली केसभरही उतरली नाही. मी कॅडर केलं, पास झालो, हवालदार झालो. घरी पेढे वाटले.

काळूरामला नायकाची पट्टी दीड वर्षांनी मिळाली. मधे एकदा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "गावात पोरं मला बोटफोड्या म्हणतात. धर्मानं सांगितलंय सगळ्यांना." मी विचारलं, "तू खरं का नाही सांगत?" तो म्हणाला, "सांगून कोण आयकतो? मीच माझी बाजू सांगनार ना." मी हसण्यावारी नेलं. तेव्हा सुट्टी काढून एक दिवस त्याच्या गावी गेलो असतो तर काम झालं असतं. गेलो नाही. दरवेळी काहीतरी काम निघालं. खरं कारण काम नव्हतं.

दोन हजार सालानंतर तो सीमेवर सुरुंग काढणाऱ्या तुकडीत गेला. मी दुसऱ्या युनिटला होतो. पेरलेले सुरुंग नकाशाप्रमाणे परत उचलायचे असतात, पण वारा वाळू हलवतो आणि सुरुंग नकाशा पाळत नाहीत. एका सकाळी नऊच्या सुमाराला सुरुंग फुटून तो गेला. त्याच्या मागचे दोघं वाचले, कारण त्यानं त्यांना दहा पावलं मागं थांबवलं होतं. मला ही बातमी आठ दिवसांनी, दुसऱ्याच्या पत्रातून कळली. मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो आणि रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मी निवृत्त होऊन आलो त्या वर्षी त्याच्या गावानं शाळेजवळ त्याच्या नावाचा चौथरा बांधला. मला बोलावणं आलं. मुरबाडहून जीप, पुढं पाऊण तास चढ. कार्यक्रम अकराचा होता, मी साडेनऊलाच पोचलो. त्याचे वडील ओटीवर बसले होते, सत्तरीचे, पांढरी टोपी, गुडघ्यावर हात. मी पाया पडलो.

"तू त्या क्याम्पातला विशे का?" त्यांनी विचारलं. "काळू तुझं नाव घ्यायचा."

मी खाली बसलो आणि सांगितलं. पेपर, रेघा, सुभेदारसाहेबांचा प्रश्न, माझे चार सेकंद, काळूरामचं उत्तर. काही वगळलं नाही. मला वाटलं, शिवी देतील, उठून जातील. दिली असती तर बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, "मला ठावं व्हतं. काळू मला कवा खोटं नाय बोलला. लागला नाय म्हनाला, म्हंजे नाय लागला." मग चौथऱ्याकडं बोट केलं. माणसं जमायला लागली होती. "मला नको सांगू. त्यांना सांग."

सरपंच बोलले, गुरुजी बोलले. शौर्य, बलिदान, तालुक्याची शान. सगळं खरंच होतं. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, सावधान उभा राहिलो. म्हटलं, "तुम्ही ज्याला बोटफोड्या म्हणत होतात, त्यानं त्या दिवशी अकरा माणसं पाण्यातून काढली आणि मोडकी लाँच सव्वीस मिनिटं हातावर सांभाळून किनाऱ्याला आणली. लाँच मोडली होती माझ्या हातानं. त्याला ते माहीत होतं. त्यानं माझं नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही. नायक काळूराम मेंगाळ यांच्या हातून बोट कधीच कुठं आदळली नाही."

टाळ्या झाल्या नाहीत. मागच्या रांगेतून एक माणूस पुढं आला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. धर्मा. तो माझ्याशी बोलला नाही, म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तात्या, मी जेवढा आयकला तेवढाच सांगितला व्हता."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता.

"मंग आज ह्यो बी आयकलास ना," ते म्हणाले. "आता ह्यो पन सांगत जा."